एकाच पानावर अनेक हात

शाळेत आपण सर्वांनीच काळ-काम-वेगाची गणिते सोडवलेली आहेत. एक गवंडी एक भिंत दहा दिवसांत बांधतो, तर दहा गवंडी ती किती दिवसांत बांधतील? पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेले असते: एक दिवस. परंतु ज्याने स्वतः उभे राहून घर बांधून घेतले आहे, तो या उत्तराला हसल्यावाचून राहणार नाही. गवंडी दहा आणि घमेले एक, अशी स्थिती असली तर एकजण काम करील आणि नऊजण वाट पाहत बसतील.

वाचकहो, आजच्या संगणकाची स्थिती बरीचशी अशीच आहे. पूर्वी संगणक जलद करायचा म्हणजे त्यातला एकुलता एक प्रोसेसर जलद करायचा, असा शिरस्ता होता. 2005 च्या सुमारास ही वाट अडली. वेग वाढवावा तर उष्णता आवरेना. तेव्हा कारखानदारांनी एकाच चिपवर दोन, चार, आठ असे प्रोसेसर बसवण्यास सुरुवात केली. आज आपल्या खिशातल्या फोनमध्येही आठ प्रोसेसर असतात, आणि मोठ्या यंत्रांत तर शंभराच्या वर. दुकानदार सांगतो, "आठ आहेत, म्हणजे आठपट काम." हे खरे की खोटे, आणि खोटे असेल तर त्यावर इलाज काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

नभोवाणीवर आकृती काढून दाखवता येत नाही. छापील पानावरही मी ती काढणार नाही, कारण आपल्या शहरातल्या मोंढ्यात हे सारे चित्र तयारच आहे. एखादी जुनी अडतीची पेढी डोळ्यांपुढे आणा. खतावणी आत, मागच्या खोलीतल्या कपाटात. बाहेर चार कारकून चार बैठ्या मेजांवर बसलेले. प्रत्येक नोंदीसाठी आत जाऊन वही उघडायची म्हटले तर दिवस जायचा. म्हणून प्रत्येक कारकून आपल्याला लागणाऱ्या पानाची नक्कल आपल्या मेजावर ठेवतो. यातली खतावणी म्हणजे संगणकाची मुख्य स्मृती, कारकून म्हणजे प्रोसेसर, आणि त्याचे मेज म्हणजे कॅश. मेजावर जे पान येते त्याला कॅश लाइन म्हणतात. घराघरांतल्या नेहमीच्या संगणकांत हे पान बहुधा 64 बाइटचे असते, म्हणजे रोमन लिपीतली चौसष्ट अक्षरे मावतील एवढे. एक आकडा हवा असला तरी अख्खे पानच मेजावर येते. अर्धे येत नाही.

आता गंमत पाहा. चौघांनी एकाच पानाच्या चार नकला घेतल्या आणि नुसत्या वाचल्या, तर कोणाचेच अडत नाही. पण एकाने त्यात खाडाखोड केली, की उरलेल्या तिघांच्या नकला खोट्या ठरल्या. तेव्हा नियम असा केला आहे की, वाचायचे असेल तर पान कितीही जणांकडे असावे. लिहायचे असेल तर ते एकाकडेच असावे. लिहिणाऱ्याने आधी हाळी द्यायची, बाकीच्यांनी आपापली नक्कल रद्द करायची, मग त्याने लिहायचे. पुन्हा दुसऱ्याला लिहायचे झाले तर हाच सोपस्कार उलट दिशेने. या नियमाची एक सुबक मांडणी मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी इलिनॉय विद्यापीठात 1984 साली प्रसिद्ध केली, आणि तिचीच भावंडे आजच्या बहुतेक यंत्रांत नांदत आहेत. नियम अगदी योग्य आहे. तो नसता तर दोन कारकुनांच्या दोन शिलका निघाल्या असत्या.

पण योग्य नियमाचीही किंमत असते. ती किती, हे हिशेबानेच पाहू. सेकंदाचा अब्जावा भाग हे आपले माप धरा. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम फूटभर जातो! समजा, स्वतःच्या मेजावर असलेल्या पानात एक मिळवायला कारकुनाला असे पाच अब्जांश सेकंद लागतात. म्हणजे एका सेकंदात वीस कोटी नोंदी झाल्या. आता तेच पान दर खेपेस दुसऱ्या चिपवरून ओढून आणावे लागले आणि त्याला शंभर अब्जांश सेकंद लागले, असे समजा. पान एका वेळी एकाच हातात असणार. म्हणून सर्वांच्या मिळून नोंदी झाल्या सेकंदाला फक्त एक कोटी. मग कारकून दोन असोत की अठ्ठेचाळीस. एकटा माणूस वीस कोटी करीत होता, आणि अठ्ठेचाळीस जण मिळून एक कोटी करतात! त्यातही वाईट हे की, बाहेरून पाहणाऱ्याला सगळेच घाम गाळताना दिसतात. प्रोसेसर शंभर टक्के कामात आहे असे यंत्र सांगते. प्रत्यक्षात तो पानाची वाट पाहत असतो.

कोणी म्हणेल, आमचे प्रोग्राम स्वतंत्र आहेत, एकमेकांच्या वहीला हात लावीत नाहीत, मग आम्हाला याचे काय? इथे कर्नेल मध्ये येतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. फाइल उघडायची, स्मृती मागायची, जाळ्यावरून निरोप पाठवायचा, तर कोणत्याही प्रोग्रामला याच्याच दारात जावे लागते. स्मृती किती शिल्लक, कोणती फाइल किती जणांनी उघडली, कोणते काम रांगेत आहे, या सगळ्या वह्या कर्नेलच्या. तेव्हा आपले प्रोग्राम घरी कितीही सोवळ्याने वागले, तरी कर्नेलच्या वहीपाशी ते एकमेकांना धडकतातच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण फाइल शोधण्याचे आहे. लिनक्समध्ये कोणत्याही फाइलचा पूर्ण पत्ता मूळ निर्देशिकेपासून सुरू होतो. आपले शहर बावन्न दरवाजांचे म्हणवले जाते. कल्पना करा, की त्यातला एकच दरवाजा उघडा आहे, आणि तिथला पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाबद्दल पाटीवर एक मिळवतो आणि जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल एक वजा करतो. ही मोजणी हौसेची नव्हे. एखादी नोंद कोणी वापरीत असताना ती टाकून दिली जाऊ नये, म्हणून ती ठेवावी लागते. पण परिणाम काय झाला, पाहा. मूळ निर्देशिका कोणीच बदलत नाही, सगळे नुसते वाचून पुढे जातात; परंतु "मी वाचतो आहे" हे लिहावे लागल्यामुळे प्रत्येक वाचणारा हा लिहिणारा झाला, आणि ते एक पान साऱ्या प्रोसेसरांत फिरत राहिले.

मग करायचं काय? पहिला मार्ग असा की, सामाईक वहीच ठेवू नये. हा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक उभा केला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाची स्मृती स्वतःची, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. म्हणजे खतावणीच वाटून दिली. कोणाला दुसऱ्याकडचे काही हवे असले तर त्याने चिठ्ठी पाठवावी. पानाची ओढाताण अजिबात नाही. मात्र चिठ्ठ्या लिहिण्याचा सगळा भार प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यावर आला. पुढे 2003 साली सी-डॅकने 'परम पद्म' पुरा केला. त्यात पॉवर-4 जातीचे 248 प्रोसेसर होते, आणि त्यातले बहुतेक चार-चारांच्या गटांत बसवलेले होते. गटाच्या आत वही सामाईक, गटागटांत चिठ्ठ्या. पॉवर-4 च्या मोठ्या कॅशचे पान तर 128 बाइटचे. तात्पर्य, सामाईक वही दारातून घालवली तरी ती खिडकीतून आत आली. आजची मोठी यंत्रे अशीच दुहेरी बांधणीची आहेत. तेव्हा सामाईक वहीशी नीट वागायला शिकल्यावाचून सुटका नाही. हे वागणे चार प्रकारचे आहे.

पहिला प्रकार अगदी साधा. रामरावांचे खाते आणि शेख साहेबांचे खाते यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्ही एकाच पानावर मांडली असली, तर एका कारकुनाने रामरावांच्या नावे लिहिले की शेख साहेबांचे खाते पाहणाऱ्याची नक्कल रद्द होते. भांडण खात्यांचे नव्हे, पानाचे आहे. अशा वेळी दोन खाती दोन पानांवर मांडावीत, म्हणजे मधे जागा कोरी सोडावी. कर्नेल लिहिणारे वारंवार बदलणारे आकडे असे हेतुपुरस्सर वेगळ्या पानावर ठेवतात, आणि जे क्वचितच बदलतात, नुसते वाचले जातात, त्यांना त्यांच्यापासून दूर बसवतात.

दुसरा प्रकार मोजणीचा. मोंढ्यात चार काट्यांवर माल मोजला जात असेल, तर दर पोत्याला धावत जाऊन एकाच वहीत रेघ ओढायची नसते. प्रत्येक काट्यावर वेगळे टाचण असते, आणि संध्याकाळी चारही टाचणांची बेरीज होते. लिनक्समध्ये याच पद्धतीची मोजणी आहे. प्रत्येक प्रोसेसर आपल्यापुरते मोजतो, आणि आपला आकडा ठरावीक मर्यादेला, समजा 32 ला, पोहोचला म्हणजे तेवढा सामाईक वहीत घालतो. बत्तीस खेपांऐवजी एक खेप! याची किंमत एवढीच की सामाईक आकडा जरा शिळा असतो. आठ प्रोसेसर असले तर चूक 256 च्या आतच राहते.

आता विचारा की शिळा आकडा चालेल का? कधी चालतो, कधी चालत नाही. आपल्या शहराचे पाणी जायकवाडीचे. धरण काठोकाठ भरलेले असताना दोन-चार घागरींचा हिशेब कोणी धरीत नाही. पण पाणी मृतसाठ्याच्या जवळ आले, म्हणजे प्रत्येक इंचाची नोंद होते. लिनक्सची एक्स्ट-4 ही फाइल व्यवस्था अगदी असेच वागते. डिस्कवर मोकळी जागा भरपूर असली तर ती अंदाजी आकड्यावर निर्धास्त चालते. जागा संपत आली, की मग सर्व प्रोसेसरांकडचे आकडे गोळा करून नेमकी बेरीज करते. नेमकेपणा हवाच, पण तो ज्या क्षणी हवा त्या क्षणापुरता; बाकीच्या वेळी त्याचा आग्रह धरणे म्हणजे निव्वळ खर्च.

तिसरा प्रकार कुलपांचा. काही वह्यांत एका वेळी एकानेच हात घालावा, म्हणून त्यांना कुलूप असते. लिनक्सने 1996 साली अनेक प्रोसेसरांची यंत्रे चालवायला घेतली, तेव्हा साऱ्या कर्नेलला एकच मोठे कुलूप होते. त्याचे तुकडे करीत करीत ते पुरते काढून टाकायला 2011 साल उजाडले. पंधरा वर्षे लागली! पण कुलूप लहान केले तरी वाट पाहण्याची रीत चुकीची असली तर काय होते? सगळे वाट पाहणारे एकाच पाटीकडे डोळे लावून बसतात. पाटी बदलली, की सर्वजण ते पान आपल्याकडे ओढतात आणि लाभ एकालाच होतो. जॉन मेलर-क्रमी आणि मायकेल स्कॉट यांनी 1991 साली यावर तोड सुचवली. प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या पानाकडे पाहत बसावे, आणि पुढच्याचे काम झाले की त्याने फक्त आपल्या मागच्याला सांगावे, "चला, तुमचा नंबर आला." याच कल्पनेवर बेतलेले कुलूप लिनक्सने 2015 साली घेतले. रांग त्याने कमी होत नाही, हे लक्षात ठेवा; धक्काबुक्की मात्र थांबते.

चौथा प्रकार मला सर्वांत सुंदर वाटतो. भावफलकाचे पाहा. भाव बदलले म्हणून लोक वाचत असताना फलक पुसायला घेतला तर गोंधळ होणार. त्याऐवजी नवा फलक बाजूला तयार करावा आणि एका झटक्यात जुन्याच्या जागी लावावा. ज्याच्या हातात जुन्या भावांचा कागद आहे त्याला तो वाचू द्यावा. शेवटचा वाचणारा मोकळा झाला, म्हणजे तो कागद टाकावा. पण शेवटचा वाचणारा मोकळा झाला हे कळणार कसे? पाटीवर एक-एक मिळवून मोजायचे नाही, हीच तर आपली प्रतिज्ञा! युक्ती अशी: हातात कागद असताना जागेवरून उठायचे नाही, असा दंडक कारकुनांना घालून द्यावा. मग फलक बदलल्यानंतर प्रत्येक कारकून एकेकदा जागेवरून उठलेला दिसला, की जुना कागद कोणाच्याच हातात नाही हे सिद्ध झाले. वाचणाऱ्याला सामाईक वहीत काहीही लिहावे लागले नाही. या पद्धतीला आर-सी-यू म्हणतात. पॉल मॅकेनी यांनी तिचा पाठपुरावा केला आणि 2002 साली ती लिनक्समध्ये आली.

फाइल शोधण्याच्या कामाला ही पद्धत लावण्यात आपल्या देशातल्या मंडळींचा वाटा आहे. बंगळूरला आय-बी-एममध्ये काम करणारे दीपांकर सर्मा आणि मनीष सोनी यांनी मॅकेनी यांच्यासह हे काम केले, आणि 2004 च्या जानेवारीत त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शोधताना लागणारे सामाईक कुलूप त्यांनी वाचणाऱ्यांच्या वाटेतून दूर केले. तरी दरवाजावरची मोजणी काही उरलीच होती. तीही 2011 साली निक पिगिन यांच्या कामातून सुटली: वाटेतल्या निर्देशिकांच्या पानांवर काहीही न लिहिता नेहमीचा शोध पुरा होऊ लागला. एका दरवाजावरचा पहारेकरी हलवायला एवढी माणसे आणि एवढी वर्षे लागली.

हे सारे लोणी कोणाला मिळाले? अमेरिकेतल्या एम-आय-टीच्या संशोधकांनी 2010 साली 48 प्रोसेसरांच्या यंत्रावर लिनक्सची परीक्षा घेतली. नित्याच्या वापरातले सात प्रोग्राम त्यांनी चालवून पाहिले. एक सोडून बाकी सर्व कर्नेलमध्ये कोठे ना कोठे अडले. पण त्यावरच्या दुरुस्तीसाठी कर्नेलमध्ये बदलाव्या लागल्या त्या ओळी फक्त 3002. आणि युक्त्या बहुतेक जुन्याच, वर सांगितल्या त्याच जातीच्या. लक्षावधी ओळींच्या कर्नेलमध्ये तीन हजार ओळी म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी. नवे यंत्र विकत घेऊन जे साधले नसते ते वहीची मांडणी बदलून साधले. आणि हे दूरदेशीचे कौतुक नव्हे. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन याच लिनक्स कर्नेलवर चालतो. जगातले सर्वांत वेगवान म्हणून गणले जाणारे पाचशे महासंगणक 2017 च्या नोव्हेंबरपासून झाडून सारे लिनक्सवर आहेत.

औषधाचे गुण सांगितले, आता पथ्य सांगतो. प्रत्येक आकड्याला वेगळे पान दिले तर आठ बाइटच्या कामाला चौसष्ट बाइट खर्ची पडतात. टाचणे वाटून दिली तर एकूण बेरीज विचारणाऱ्याला सगळ्या मेजांवर हिंडावे लागते. आणि आकडा लिहिला जातो क्वचित पण विचारला जातो घडोघडी, अशी स्थिती असेल तर एकच वही बरी. तेव्हा आधी मोजावे, मग हात घालावा. मोजायला साधनेही आहेत. कोणते पान प्रोसेसरांत सारखे फिरते आहे हे दाखवणारे 'पर्फ सी-टू-सी' हे साधन 2017 पासून लिनक्सबरोबरच मिळते. अंदाजाने केलेली सुधारणा पुष्कळदा सुधारणा नसतेच.

महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मला विशेष सांगायचे आहे. आपल्याकडे अजूनही असे शिकवले जाते, की पायऱ्या मोजा, पायऱ्या कमी तर वेळ कमी. एका प्रोसेसरच्या काळात ते पुष्कळसे पुरे होते. आज त्यात भर घालावी लागते: ही पायरी कोणाच्या पानावर पडते, आणि त्याच वेळी त्या पानावर आणखी कोणाचा हात आहे? सामाईक ठेवलेली प्रत्येक वस्तू दोन प्रश्नांना उत्तर देऊ शकली पाहिजे. तुला सामाईक असण्याची खरोखर गरज आहे का? असेल, तर या क्षणी, अगदी शेवटच्या अंकापर्यंत तू खरी असली पाहिजेस का? माझा अनुभव असा आहे की, दोन्ही प्रश्नांना "हो" म्हणणाऱ्या वस्तू फार थोड्या निघतात. बाकीच्या आपण केवळ सवयीने एका वहीत कोंबलेल्या असतात.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. घरच्या साध्या लॅपटॉपवर करून पाहा. दोन धागे चालवा. प्रत्येक धागा आपल्या स्वतःच्या आकड्यात दहा कोटी वेळा एक मिळवील असे करा, आणि कंपायलर ती बेरीज परस्पर एका फटक्यात उरकणार नाही याची तजवीज ठेवा. पहिल्या खेपेस दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, एकाच पानावर ठेवा आणि वेळ लिहून घ्या. दुसऱ्या खेपेस त्यांच्यामध्ये 128 बाइटांचे अंतर सोडा, बाकी एक अक्षरही बदलू नका, आणि पुन्हा वेळ लिहून घ्या. दोन्ही खेपांना काम तेवढेच, पायऱ्या तेवढ्याच, उत्तरही तेच. वेळा मात्र दोन येतील. त्यांच्यात जो फरक निघेल, तेवढा वेळ पानाच्या ये-जा करण्यात गेला असे समजा.